अ‍ॅसिडच्या लाइनवरचे छत्तीस एल्बो

"विल्मा, तुमच्या ऑफिसात कुणाचं डोकं फिरलंय का?"

ऑर्व्हिल गेली तीस वर्षं सार्नियात पाइप जोडायचं वर्कशॉप सांभाळत होता. सकाळी सव्वानऊला त्याने फोन केला तोच हे वाक्य घेऊन. डिझाइन ऑफिसातल्या विल्मा डायकस्ट्राने कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"खोकं उघडलंय समोर. दीड इंची एल्बो, छत्तीस नग, आट्यांचे. लाइनचा नंबर वाचू? अ‍ॅसिडची आहे. अठ्ठ्याण्णव टक्के सल्फ्युरिक. माझ्या माणसांनी हे पिळून बसवायचे आणि मग त्यांच्याखालून कोण जाणार? तू?"

"शक्यच नाही. माझ्या अ‍ॅसिडच्या स्पेकमध्ये आट्यांचं साधं बूचसुद्धा नाही."

"मग हे खोकं काय सांताक्लॉजने पाठवलं?" असं म्हणून ऑर्व्हिलने फोन आपटला.

एल्बो म्हणजे पाइप वळवणारा कोपरा, आणि तो पिळून बसवायला पाइपाला आटे पाडले की तिथे त्याची जाडी जवळजवळ निम्मी होते. अ‍ॅसिड त्या आट्यांच्या फटीत जाऊन बसतं, आतून लोखंड खात राहतं आणि एक दिवस खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर टपकतं. म्हणून अ‍ॅसिडच्या लाइनवर एकतर वेल्डिंग नाहीतर फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळलेल्या चकत्या, तिसरं काही चालत नाही. नदीकाठच्या त्या कारखान्यांत हे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. आणि इथे तर नऊ दिवसांवर शटडाउन आला होता, कारखाना थांबवून नवी लाइन बसवायची होती.

कुठल्या लाइनवर कुठला पाइप, कुठला एल्बो, कुठला व्हॉल्व्ह चालेल याची जी यादी, तिला स्पेक म्हणतात. डिझायनर स्क्रीनवर पाइप ओढत नेतो, वळण आलं की सॉफ्टवेअर त्या यादीतला एल्बो आपणहून बसवतं. यादीत नाही ती वस्तू चित्रात येत नाही, चित्रात नाही ती खरेदीत येत नाही. ही यादी विल्मा बनवत असे. बाजारात तयार न मिळणारी एखादी फिटिंग लागली तर तिची मापं, भिंतीची जाडी, वजन सगळं हाताने भरून तीच ती घडवत असे. बावीस वर्षं हे काम केलेली, पेट्रोलियाजवळच्या डच शेतकऱ्यांच्या घरातली ही बाई रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि सोमवार ते शुक्रवार ऑफिसातही तशीच ताठ बसायची. नवा माणूस आला की त्याला ती एकच गोष्ट ऐकवायची, यादीत नाही ते मागायचं नाही आणि यादीत आहे त्यावर वाद घालायचा नाही. लोक तिला वचकून असत. तिलाही ते आवडत असे.

तेव्हा तिच्या यादीत चूक असणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी ती घातली होती. आणि यादीत हात घालायची मुभा तिने गेल्या महिन्यात एकाच माणसाला दिली होती.

क्लेमाँ रोबिशो हा न्यू ब्रन्सविकचा फ्रेंच माणूस, सत्तेचाळीस वर्षांचा. आधी पाइपफिटर होता. फोर्ट मॅकमरेला मचाणावरून पडून त्याची पाठ गेली, मग त्याने कॉलेजात जाऊन डिझाइन शिकून घेतलं. इथे कंत्राटावर त्याला सात महिने झाले होते. एका कंपनीचे विचित्र लांबीचे व्हॉल्व्ह यादीत भरायचे होते, विल्माला वेळ नव्हता, म्हणून तिने ते त्याच्यावर सोपवले होते. आता तिच्या डोक्यात एकच होतं, बोट दिलं तर हातच धरला, अशातली ही गत.

ती हॉलमध्ये गेली. चौदा माणसं काम करत होती. तिने त्याच्या टेबलावर हात आपटला.

"छत्तीस एल्बो. आट्यांचे. अ‍ॅसिडला. कुणी सांगितलं होतं तुला?"

क्लेमाँने कानातलं काढलं. "ती अ‍ॅसिडच्या ड्रेनची लाइन? मी वळण दिलं, स्पेकने एल्बो दिला."

"माझं स्पेक असलं काही देत नाही."

"दिलं. मी तुला विचारलंही होतं."

"मला? कधी?"

"तीन आठवडे झाले. मायक्रोवेव्हपाशी. तू सूप गरम करत होतीस. मी म्हटलं, अ‍ॅसिडला आटे येतायत, बरोबर आहे का? तू म्हणालीस, यादीत आहे ना, मग वापर, उगाच डोकं चालवू नकोस."

विल्मा मोठ्याने हसली. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं हसली. "ऐका! चूक ह्याने करायची आणि परवानगी म्हणे मी दिली. सूप गरम करता करता! अरे, निदान खोटं बोलायचं तर जरा नीट जुळवून तरी बोलावं."

"मी खोटं बोलत नाहीये."

"नाही, नाही, तू कशाला बोलशील! चूक माझीच आहे. पाना फिरवणाऱ्याच्या हातात मी स्पेक दिलं. आयुष्यभर दुसऱ्याने काढून दिलेलं जोडलं ज्यांनी, त्यांना वाटतं काढणं म्हणजे काय, माउस हलवला की झालं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढं बोलल्यावर तरी तिने थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. त्याच्या कॉलेजबद्दल बोलली, त्याच्या फ्रेंच उच्चारांची नक्कल केली. चौदा माणसं स्क्रीनकडे बघत होती आणि एकाचाही माउस हलत नव्हता. क्लेमाँचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"तो पाना मी बावीस वर्षं फिरवलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "असल्या एल्बोंखाली मी उभा राहिलोय, विल्मा. तू नाही."

एवढ्यात ब्रेंट हॉलिंग्ज आपल्या खोलीतून बाहेर आला. तो प्रोजेक्टचा मॅनेजर, वयाने विल्मापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि पदाने वरचा. कारखान्याकडून त्याला फोन येऊन गेला होता. साडेतीनच्या मीटिंगमध्ये त्यांना लेखी हवं होतं, हे कशामुळे झालं आणि कुणामुळे झालं. ब्रेंटने विल्माच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्लेमाँच्याकडे पाहिलं आणि त्याचा हिशेब तिथेच पुरा झाला.

"क्लेमाँ, आत ये जरा," तो म्हणाला.

पाच मिनिटांनी क्लेमाँ बाहेर आला तो कार्ड जमा करूनच. त्याचं कंत्राट आजच संपणार होतं, आणि पत्रात त्याचं नाव जाणार होतं. सार्नियात असं नाव एकदा गेलं की पुढचं काम मिळत नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असल्यासारखे तिथले सगळे कारखाने एकमेकांचं ऐकत असतात.

विल्मा जागेवर येऊन बसली. अजून तिचे कान तापलेलेच होते. पत्राला जोडायला पुरावा हवा, म्हणून तिने यादी उघडली, तो एल्बो शोधला आणि त्याचा इतिहास काढला. प्रत्येक फिटिंग कुणी बनवली आणि केव्हा, ते सॉफ्टवेअर लिहून ठेवतं.

बनवणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

आधी तिला वाटलं, ह्या हरामखोराने माझा पासवर्ड चोरला. मग तिने तारीख वाचली. सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. तेव्हा क्लेमाँ रोबिशो इथून तीन हजार किलोमीटरवर, उणे तीस अंशांत पाइप जोडत होता.

तारीख वाचली आणि तिला ते सगळं आठवलं. शुक्रवारची दुपार होती. जुनी अ‍ॅसिडची लाइन एक दिवस पाण्याने धुवायची होती, त्यासाठी आट्यांचा एक तात्पुरता तुकडा जोडायचा, धुवून झालं की काढून टाकायचा. पण यादीत फिटिंग असल्याशिवाय सॉफ्टवेअर ड्रॉइंग छापू देईना. तेव्हाचा साहेब दारात उभा राहून म्हणाला, आजच्यापुरता घाल गं. तिने दहा मिनिटांत एल्बो घडवला, मापं भरली, वर्णनाच्या शेवटी लिहिलं, ‘तात्पुरता, सोमवारी काढणे’. सोमवारी बर्फाने रस्ते बंद झाले. मंगळवारी दुसरं काम आलं.

मग सहा वर्षं तो एल्बो यादीत दुसऱ्या नंबरावर पडून राहिला. सॉफ्टवेअर नेहमी पहिला उचलतं, म्हणून त्याला कुणी उचललं नाही. गेल्या उन्हाळ्यात नवी आवृत्ती आली, जुन्या याद्या तिच्यात ओतल्या गेल्या, क्रम बदलला आणि दुसऱ्याचा पहिला झाला. त्याच वेळी वर्णनाची पहिली चाळीस अक्षरं तेवढी राहिली, पुढची गेली. ‘तात्पुरता, सोमवारी काढणे’ पुढच्यांत होतं. ओतलेल्या याद्या तपासून सही करायचं काम विल्माचं होतं. सही होती.

आणि मायक्रोवेव्हपाशी वाटाण्याचं सूप होतं. भांड्याचा चटका लागत होता आणि मागून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. तिने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिला प्रचंड संताप आला. सकाळपासून ती ज्या चोराला शोधत होती तो तिच्याच खुर्चीत बसलेला होता. त्याला शिव्या घालायच्या तरी कुठल्या, ज्या होत्या त्या सगळ्या तिने दुसऱ्याला घालून टाकल्या होत्या.

कागद छापून ती थेट ब्रेंटच्या खोलीत गेली.

"पत्र बदल. तो एल्बो माझा आहे."

ब्रेंटने कागद वाचला, उठला, दार लावलं. "हे अजून कुणी पाहिलंय?"

"तू पाहिलंस ना?"

"बस. विल्मा, आधी बस. तो गेलाय. कंत्राटी होता, जाणारच होता, दोन महिने आधी गेला. तुझं नाव घातलं तर काय होईल माहितीये? तुझी यादी सहा कारखान्यांत चालते. एक एल्बो चुकला म्हटलं की ते म्हणतील बाकीचं कशावरून बरोबर? अ‍ॅसिड, क्लोरीन, कॉस्टिक, सगळं पुन्हा तपासा. नऊ दिवसांत? शटडाउन गेला, प्रोजेक्ट गेला. एका माणसासाठी?"

"त्याने मला विचारलं होतं, ब्रेंट. त्याला कळलं होतं. फक्त त्याला."

"मग अडून बसायचं त्याने."

"अडून बसायचं? ‘डोकं चालवू नकोस’ हे बावीस वर्षं मी ह्या हॉलला शिकवत आलेय आणि तुम्ही सगळे माना डोलवत आलात. आता म्हणतोस त्याने अडून बसायचं? लाज वाटते का रे तुला जराशी?"

"आवाज खाली."

"नाही करणार खाली! सकाळी खाली कर म्हणाला नाहीस. सकाळी मी त्याला सोलत होते तेव्हा तू दारात उभा राहून मजा बघत होतास."

ब्रेंट परत खुर्चीत बसला. "पत्र मी लिहिणार," तो म्हणाला. "तुला जे करायचं ते कर. पण ह्या वयात नवी नोकरी कुठे शोधणार आहेस, तेही बघून ठेव."

खिडकीतून तिला पार्किंग दिसलं. क्लेमाँ आपल्या पिकअपवरचा बर्फ खरवडत होता. ती कोट न घालताच बाहेर गेली.

"क्लेमाँ."

त्याने मान वर केली नाही.

"माझी चूक होती. एल्बो मी बनवलेला, सहा वर्षांपूर्वी. आणि तू विचारलं होतंस. आठवलं मला."

"बरं."

"बरं काय? माफी मागतेय मी."

आता तो वळला. "सकाळी मला खोटारडा कुठे म्हणालीस?"

"कुठे म्हणजे?"

"हॉलमध्ये. चौदा माणसांसमोर. माझ्या आईवडिलांच्या बोलण्याची नक्कल केलीस, चौदा माणसांसमोर. आणि खरं सांगायला इथे आलीस. इथे कोण ऐकतंय? ही गाडी?"

विल्माला राग आला. वास्तविक तो येण्याचं काही कारण उरलं नव्हतं, पण आला. "अरे, मी थंडीत इथवर आले, कुणी सांगितलं नसताना आले, हे काय कमी आहे?"

"कमी आहे," क्लेमाँ म्हणाला आणि पुन्हा बर्फ खरवडायला लागला.

एखादी जळजळीत शिवी तिच्या ओठावर आली होती. पण तो म्हणत होता ते खरं होतं, आणि खऱ्याला शिवी लागत नाही. ती तरातरा आत गेली.

साडेतीनची मीटिंग हॉलमध्येच असे. भिंतीवर मोठा स्क्रीन, फोनवर कारखान्याच्या बाजूने इंग्रिड सोलबर्ग नावाची सुरक्षेची मुख्य, वर्कशॉपकडून ऑर्व्हिल. ब्रेंटने घसा साफ करून वाचायला घेतलं, "चौकशीत असं आढळलं की कंत्राटी डिझायनर..."

"चौकशी कुणी केली?" विल्मा म्हणाली.

"विल्मा, नंतर."

"चौकशी मी केली. म्हणून विचारतेय." ती स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज सकाळच्याएवढाच मोठा होता, मुद्दाम तेवढाच ठेवलेला. "एल्बो मी बनवला, सहा वर्षांपूर्वी. साहेब दारात येऊन म्हणाला आजच्यापुरता घाल, सोमवारी काढू, मी घातला आणि काढला नाही. यादी मी तपासली नाही आणि तपासली म्हणून सही केली. क्लेमाँ रोबिशोने मला विचारलं होतं, मी त्याला गप्प बसवलं. आज सकाळी ह्याच जागी मी त्याला खोटारडा म्हणाले, त्याच्या कामावरून, बोलण्यावरून वाटेल ते बोलले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. खोटी मी होते."

ब्रेंटने फोनचं बटण दाबायला हात पुढे केला. "ते दाबलंस तर मी माझ्या फोनवरून लावते," विल्मा म्हणाली. हात मागे गेला.

फोनमधून ऑर्व्हिलचा आवाज आला. "आयला."

"हा रोबिशो आहे का तिथे?" इंग्रिडने विचारलं.

तो होता. दारात उभा होता, कोट अंगात, बुटांवर बर्फ. विसरलेली जेवणाची पिशवी घ्यायला परत आला असेल किंवा ऐकायला आला असेल, त्याने ते कधी सांगितलं नाही.

"त्याला जाऊ देऊ नका," इंग्रिड म्हणाली. "अख्ख्या साखळीत ज्या एकाने प्रश्न विचारला त्यालाच तुम्ही काढताय? ब्रेंट, ते पत्र मला नकोय."

विल्माला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल. ठीक आहे म्हणेल, किंवा शिवी घालेल. दोन्हींची तिने तयारी केली होती. क्लेमाँ दोन पावलं आत आला.

"अजून किती आहेत?" त्याने विचारलं.

"काय?"

"असे. ‘आजच्यापुरता घाल, सोमवारी काढू’ म्हणून घातलेले. बावीस वर्षांत एकच साहेब दारात येऊन उभा राहिला होता का?"

सकाळपासून विल्माकडे प्रत्येकासाठी उत्तर होतं. आत्ता तिला शुक्रवारच्या दुपारी आठवायला लागल्या, एकीमागून एक, दारातले वेगवेगळे साहेब, तिचं ते ऐटीत ‘दहा मिनिटं द्या’ म्हणणं. ते कुठकुठल्या लाइनवर होतं ते मात्र काही केल्या आठवेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

फोनमधून इंग्रिड एवढंच म्हणाली, "शटडाउन पुढे गेला असं मी वर कळवते. शोधा."

विल्मा खाली बसली आणि तिने यादी मोठ्या स्क्रीनवर घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. ‘तात्पुरता’ हा शब्द शोधून पाहिला. एकही ओळ आली नाही, ती अक्षरं केव्हाच कापली गेली होती. मग बनवणाऱ्याच्या नावाने शोधलं. चार हजार एकशे बारा ओळी आल्या आणि सगळ्यांवर एकच नाव होतं. गेल्या महिन्यातले ते व्हॉल्व्ह सोडले तर अभिमानाने तिने दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नव्हता.

"एकेक वाचावी लागेल," ती म्हणाली.

ब्रेंट खोलीत निघून गेला. क्लेमाँने कोट काढला, एक खुर्ची ओढली आणि पाठीला हात लावत हळूच बसला. तिच्या शेजारी नाही, स्क्रीनच्या जवळ. "वाच. पहिल्यापासून. मोठ्याने वाच."

ती वाचायला लागली. लाइन कुठली, माप काय, फिटिंग काय, जोड कसला. क्लेमाँ डोळे मिटून ऐकत होता आणि प्रत्येक ओळीला मान हलवत होता. चौदा माणसांतला एकही घरी जायला उठला नाही.

एकोणिसावी ओळ क्लोरीनच्या लाइनची होती. ती अर्धी वाचून झाली आणि क्लेमाँ म्हणाला, "थांब."